‘डल’ कुठे चालतो आणि कुठे अंगाशी येतो: इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कंपनीत होते. इंग्लंडमधल्या ऑफिसातली एक बाई, पन्नाशीच्या पुढची, रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर यायची. एके दिवशी तिचा चेहरा अगदीच उतरलेला दिसला. आपुलकीनं विचारायला गेले आणि तोंडातून निघालं, ‘यू आर लुकिंग व्हेरी डल टुडे.’ दोन सेकंद शांतता. मग ती म्हणाली, ‘ओह. थँक यू.’ पुढचा पाऊण तास कामापलीकडे एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, मधे नेट गेलं होतं.

कॉल संपल्यावर टीममधला एक मुलगा, तीन वर्षं लंडनला राहून आलेला, हळूच म्हणाला, ‘ताई, तुम्ही तब्येत नाही विचारलीत. तुम्ही तिला सांगितलंत की आज तुम्ही अगदी नीरस दिसताय.’

त्या दिवसापासून हा चार अक्षरी शब्द माझ्या डोक्यात बसला. पुढे संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवू लागले, तेव्हा लक्षात आलं की वर्गातला प्रत्येक जण तो वापरतो आणि निम्म्या वेळा चुकीच्या जागी वापरतो. शब्द अवघड नाही. उलट फार ओळखीचा आहे, हीच अडचण. आपण त्याला मराठीत इतका मुरवून घेतलाय की तो परत इंग्रजीत नेताना त्याला चिकटलेला मराठी अर्थही सोबत जातो. तो कसा सोडवायचा, ते क्रमानं सांगते.

पहिली पायरी: आधी स्वतःचा ‘डल’ तपासा

वही घ्या आणि गेल्या आठवड्यात तुम्ही किंवा घरातल्यांनी हा शब्द कुठे कुठे वापरला ते लिहून काढा. माझ्या वर्गात ही यादी दर वेळी साधारण अशीच निघते: आज डल डल वाटतंय. तिचा चेहरा डल पडलाय. मार्केट डल आहे. फोटो डल आलाय. या साडीचा रंग जरा डल आहे. पोरगं गणितात डल आहे.

आता यातली कोणती वाक्यं जशीच्या तशी इंग्रजीत चालतील? साडीचा रंग चालतो. फोटो चालतो. मार्केट चालतं, म्हणजे शेअर बाजाराच्या बातमीत ‘डल ट्रेडिंग’ दिसतं. पण दुकानदार सहसा ‘बिझनेस इज स्लो’ म्हणेल. गणितातलं पोरगं व्याकरणात बसतं पण बोलू नये, त्याचं कारण पुढे येईल. उरली पहिली दोन, डल वाटणं आणि चेहरा डल पडणं. आपण सगळ्यात जास्त वापरतो ती हीच, आणि परक्या माणसाशी बोलताना अडखळवतात तीही हीच.

मराठीत आपण ‘डल’ला मरगळ, मलूलपणा, उदासी, अंगात कसकस, झोप अपुरी होणं असं सगळं एका पोत्यात भरायला लावलंय. इंग्रज माणूस स्वतःच्या अशा अवस्थेला सहसा ‘डल’ म्हणत नाही. ‘आय ॲम डल’ ऐकलं तर त्याला वाटेल, हा स्वतःला कंटाळवाणा माणूस म्हणतोय. त्याऐवजी काय म्हणायचं? अंग जड वाटत असेल तर ‘आय फील स्लगिश’. मन लागत नसेल तर ‘आय फील अ बिट लो’. ताप येईलसं वाटत असेल तर ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल’. काहीच सुचत नसेल तर साधं ‘आय हॅव नो एनर्जी टुडे’. एकाच्या जागी चार वाक्यं शिकावी लागतात खरी. पण मराठीतही मरगळ वेगळी, उदासी वेगळी आणि कसकस वेगळीच की.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. भारतात इंग्रजी बोलणारे एकमेकांशी ‘फीलिंग डल’ सर्रास म्हणतात आणि ते सगळ्यांना कळतं. शेजारच्या काकूंना टोकायला जाऊ नका.

दुसरी पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

यावर फार वेळ घालवायचा नाही. डी, यू आणि डबल एल. उच्चार ‘डल’, ‘कल’ आणि ‘मल’ यांच्या चालीवर. घोळ होतो तो याच स्पेलिंगच्या भावंडांमुळे. ‘फुल’, ‘पुल’ आणि ‘बुल’ यांत तीच अक्षरं, पण तिथे उकार. ‘डल’, ‘गल’, ‘नल’, ‘स्कल’ यांत अकार. नियम शोधत बसू नका, तो सापडणार नाही. उकारवाले तीन पाठ करा, बाकीचे बहुतेक अकाराचे निघतात.

तिसरी पायरी: ‘काय नाही?’ असं विचारा

माझ्या मते या शब्दाची किल्ली इथे आहे. शब्दकोशात त्याच्यासमोर सात-आठ अर्थ असतात आणि शिकणारा पहिला अर्थ उचलून मोकळा होतो. तसं करू नका. ‘डल’ हा उणिवेचा शब्द आहे. एखाद्या वस्तूत जे असायला हवं होतं ते नाही, एवढंच तो सांगतो. मग विचारायचं, इथे नेमकं काय नाही? उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप पुढे येतो.

धार नाही: बोथट. तेज नाही: निस्तेज. रस नाही: नीरस, रटाळ. ऊन नाही: ढगाळ, मळभ. नाद नाही: बद्द. बुद्धीची चमक नाही: मंद, मठ्ठ. मराठीनं प्रत्येक उणिवेला स्वतंत्र शब्द दिला, इंग्रजीनं सगळ्यांना एकाच खुंटीला टांगलं. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना आपल्याला निवड करावी लागते, आणि मराठीतून तिकडे जाताना काय नाहीये ते नामावरून कळेल अशी काळजी घ्यावी लागते. ‘डल नाइफ’ म्हटलं की धार. ‘डल लेक्चर’ म्हटलं की रस. आपण मात्र नाम गाळून नुसतं ‘डल आहे’ म्हणतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

एक उलटी युक्तीही आहे. विरुद्धार्थी शब्द लावून बघा. ‘शार्प’ बसत असेल तर धारेचा किंवा वेदनेचा अर्थ. ‘ब्राइट’ बसत असेल तर रंगाचा, हवेचा किंवा बुद्धीचा. ‘इंटरेस्टिंग’ बसत असेल तर कंटाळ्याचा. तिन्हींपैकी एकही बसत नसेल तर बहुधा तुम्ही मराठीतला ‘डल’ वापरताय.

आता सुरीबद्दल थोडं. ब्रिटिश माणूस बोथट सुरीला बहुतेक वेळा ‘ब्लंट’ म्हणतो, अमेरिकन माणूस ‘डल’. दोन्ही बरोबर. पण माणसाला लावले की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘ब्लंट’ माणूस म्हणजे फटकळ, तोंडावर बोलणारा. ‘डल’ माणूस म्हणजे ज्याच्याशेजारी लग्नाच्या पंगतीत बसायला नको वाटतं तो. नागपूरच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या साहेबाचं कौतुक करताना या दोन शब्दांची अदलाबदल केली होती. साहेब मराठीच होते, म्हणून निभावलं.

रंगाच्या बाबतीत ‘फिका’ आणि ‘डल’ एक नव्हेत, हे साडीच्या दुकानात चटकन समजतं. फिका गुलाबी म्हणजे ‘लाइट पिंक’ किंवा ‘पेल पिंक’, आणि तो चांगला तजेलदार असू शकतो. ‘डल रेड’ हा चांगला गडदही असू शकतो, फक्त त्यात चमक नसते. आपण त्याला मळकट किंवा विटका म्हणू. तांब्याचा गडू घ्या. महिनाभर तसाच राहिला की त्याचा रंग फिका होत नाही, उलट काळपट होतो, पण तेज जातं. तो ‘डल’. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासला की दोन मिनिटांत जो उजळतो, तो ‘ब्राइट’. मी वर्गात एकदा खरंच अर्धा गडू घासून नेला होता. एका गडूवर दोन्ही शब्द. त्यानंतर त्या तुकडीत कुणी चुकलं नाही.

वेदना सांगताना हा शब्द सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि तिथेच आपण तो विसरतो. परदेशी डॉक्टर विचारतो, दुखणं कसं आहे? आपण म्हणतो, ‘पेनिंग’. मराठीत आपल्याकडे केवढी श्रीमंती आहे! कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, टोचतं, आणि कधी नुसतं बारीक बारीक दुखत राहतं. त्यातली अचानक आलेली तीव्र कळ ‘शार्प पेन’, चमक ‘शूटिंग पेन’, ठणका ‘थ्रॉबिंग पेन’. आणि ते बारीक, सतत, कुठे दुखतंय ते बोटानं नीट दाखवता येत नाही असं दुखणं म्हणजे ‘डल एक’. ‘आय हॅव अ डल एक इन माय लोअर बॅक.’ हे वाक्य पाठच करून ठेवा. मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांना तर मी हे कागदावर लिहून देते.

चौथी पायरी, वाटलं तर वगळा: डॉक्टरचं बोट आणि पाण्याचा माठ

ही नवशिक्यांसाठी खरं तर आवश्यक नाही. पण घरात कुणाचा ना कुणाचा वैद्यकीय कागद आलेला असतो आणि त्यावर ‘डल ऑन परकशन’ किंवा ‘शिफ्टिंग डलनेस’ असं लिहिलेलं असतं. एका विद्यार्थिनीनं तो वाचून ‘बाबा डल झालेत असं लिहिलंय’ असं घरी सांगितलं होतं.

डॉक्टर डाव्या हाताचं मधलं बोट पोटावर किंवा छातीवर ठेवतात आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टिचकीसारखं ठोकतात, ते आठवा. खाली हवा असेल तर आवाज घुमतो. पाणी किंवा घट्ट अवयव असेल तर आवाज बसका येतो. त्या बसक्या आवाजाला ‘डल’ आणि त्या गुणाला ‘डलनेस’ म्हणतात. उन्हाळ्यात माठात किती पाणी उरलंय ते बघायला आजी झाकण न काढता बाहेरून बोटानं वाजवायची. रिकामा भाग घुमायचा, भरलेला भाग बद्द वाजायचा. अगदी तेच. ‘शिफ्टिंग डलनेस’ म्हणजे रुग्ण कुशीवर वळला की पोटातलं पाणी सरकतं आणि बद्द आवाजाची जागाही सरकते. जलोदर ओळखण्याची ही जुनी खूण.

ही ठोकून तपासण्याची पद्धत लिओपोल्ड ऑएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरनं १७६१ साली पुस्तक लिहून मांडली. त्याच्या वडिलांची ग्राट्झमध्ये खाणावळ होती आणि पिंपात किती दारू उरलीय हे ते ठोकून बघायचे, तिथून त्याला हे सुचलं असं सांगतात. खरं असो नसो, आमच्या आजीच्या माठाशी जुळतं म्हणून मला ही गोष्ट आवडते.

आवाजाचा हा अर्थ रोजच्या बोलण्यातही येतो. नारळ मातीवर पडला की ‘डल थड’, म्हणजे धप्प. तोच फरशीवर पडून फुटला तर ‘शार्प क्रॅक’.

पाचवी पायरी: माणसाला लावताना थांबा

वस्तूंच्या बाबतीत ‘डल’ हे वर्णन असतं. माणसाच्या बाबतीत तो निवाडा होतो, आणि निवाडा करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

या शब्दाचा जुना अर्थच मुळी ‘मूर्ख’ असा होता. जुन्या इंग्रजीत ‘डोल’ म्हणजे बेअक्कल. जर्मन भाषेत त्याचा नातलग आहे ‘टोल’, तो आधी ‘वेडा’ होता आणि आता बोलीत चक्क ‘झकास’ झालाय. आपल्या टोलनाक्याशी त्याचा संबंध नाही, तिथे झकास काही नसतं. धारेचा, रंगाचा आणि कंटाळ्याचा अर्थ पुढच्या शतकांत येत गेला. पण बुद्धीवरचा जुना टोमणा शब्दाच्या पोटात अजून आहे. म्हणून ‘डल स्टुडंट’ आजच्या इंग्रजीत अपमान समजला जातो. मराठीत आपण ‘ढ’ म्हणतो तसाच. ढ हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून आजवर फारसं बदललंच नाही, जिथे होतं तिथेच राहिलं, म्हणून पुढे न सरकणाऱ्या पोराला ‘ढ’ म्हणतात, असं आमचे गुरुजी सांगायचे. पालकसभेत ते कुणी लेखी देत नाही. इंग्रजीतही देऊ नये. ‘ही नीड्स मोअर टाइम विथ मॅथ्स’ असं म्हणावं.

मोठ्या माणसांना लावला की अर्थ बहुधा कंटाळवाणा. ‘ही इज अ डल मॅन’ म्हणजे तो मंदबुद्धी आहे असं नाही, त्याच्याशी बोलण्यात मजा नाही. यात ‘दुःखी’ किंवा ‘आजारी’ कुठेच नाही, हे परत एकदा बघून ठेवा.

डोळे आणि आवाज यांना मात्र तो लागतो. ‘हर आइज वेअर डल’ चालतं, तिथे डोळ्यांतलं तेज गेलंय असं कळतं. पण ही कथेतली भाषा. समोरच्या बाईला तोंडावर सांगायची नव्हे.

सहावी पायरी: डल, बोअरिंग आणि बोअर्ड

मराठीत ‘बोअर’नं तर संसार थाटलाय. बोअर होतंय, बोअर मारतंय, बोअर करू नकोस, पिक्चर बोअर आहे. आमच्या सातारकडे ‘बोअर मारली’ म्हटलं की लोक विचारतात, किती फुटांवर पाणी लागलं? तोही त्याच स्पेलिंगचा शब्द, भोक पाडण्याचा. कंटाळ्याचा ‘बोअर’ त्यातूनच आला का यावर भाषेच्या अभ्यासकांचं एकमत नाही.

इंग्रजीत विशेषण म्हणून एकटं ‘बोअर’ येत नाही. ‘द मूव्ही इज बोअर’ चूक. ‘द मूव्ही इज बोअरिंग’ किंवा ‘द मूव्ही इज अ बोअर’ बरोबर. दुसरी चूक सगळ्यांना माहीत असून सगळे करतात: कंटाळलेला मी, तर ‘आय ॲम बोअर्ड’, कंटाळा आणणारा मी, तर ‘आय ॲम बोअरिंग’. लक्षात ठेवायला मराठीच वापरा. ‘-लेला’ असेल तिथे ‘-एड’, ‘-वाणा’ किंवा ‘-णारा’ असेल तिथे ‘-इंग’. कंटाळलेला, बोअर्ड. कंटाळवाणा, बोअरिंग.

मग ‘डल’ कुठे बसतो? ‘डल’ला जोडीदार नाही. तो फक्त कंटाळवाण्याच्या बाजूचा आहे, कंटाळलेल्याच्या बाजूचा नाही. म्हणजे ‘डल’ हा ‘बोअरिंग’चा चुलतभाऊ, ‘बोअर्ड’चा कुणीच नाही. ‘द स्पीच वॉज डल’ बरोबर. भाषण ऐकून मी ‘डल’ झाले, हे चूक. मी ‘बोअर्ड’ झाले. छटाही थोडी वेगळी आहे. ‘बोअरिंग’ म्हणताना मी माझा वैताग सांगते. ‘डल’ म्हणताना भाषणातच दम नव्हता असं सांगते, जरा शांतपणे, जरा वरून बघून.

पुढचं शब्दयोगी लक्षात ठेवा: ‘बोअर्ड विथ’ किंवा ‘बोअर्ड बाय’. ‘बोअर्ड ऑफ’ तरुण पोरं भरपूर वापरतात, बोलताना चालतं, अर्जात नको.

सातवी पायरी: शेजारचे शब्द, चवीनुसार

इथे मी यादी देणार नाही, कारण याद्या पाठ होतात आणि वापरल्या जात नाहीत. कामाची एक खूण सांगते. प्रत्येक शब्द कशाचा कंटाळा आहे ते बघा.

जेवणाचा असेल तर ‘ब्लँड’. आपलं सपक. हॉस्पिटलची खिचडी ‘ब्लँड’, आणि हा शब्द नेहमी वाईट नसतो; पोट बिघडलं की डॉक्टर ‘ब्लँड डाएट’ सांगतात. ‘इन्सिपिड’ मात्र तक्रारच आहे. लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ चव नसलेला. आपला अळणी, पाणचट, मिळमिळीत. चहाला लावा, कवितेलाही लावा. ‘डल फूड’ असं फारसं कुणी म्हणत नाही. आमटी डल नसते.

एकच एक सूर लागून राहिला तर ‘मोनॉटनस’. ग्रीकमध्ये ‘मोनो’ म्हणजे एक आणि ‘टोनोस’ म्हणजे सूर. मराठीत आपण नेमकं ‘एकसुरी’ म्हणतो, इतकं चपखल जोडपं दुसरं मला आठवत नाही. पंख्याचा आवाज, रस्त्याकडेची तीच तीच शेतं, सरकारी भाषण, सगळं यात येतं.

काम लांबलचक आणि किचकट असेल तर ‘टीडियस’. सात-बारा उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला जो खटाटोप लागतो तो ‘टीडियस’. त्यात कधी कधी थरारही असतो, म्हणून त्याला ‘डल’ म्हणवत नाही.

‘ड्रॅब’ हा डोळ्यांचा कंटाळा. मुळात न रंगवलेल्या लोकरी कापडाला हा शब्द होता, म्हणून तो कपडे, भिंती, इमारती यांना शोभतो. ‘ड्रिअरी’मध्ये उदासी मिसळलेली असते: सलग आठवा पावसाळी दिवस. ‘हमड्रम’ म्हणजे रोजचं तेच ते, डबा, लोकल, ऑफिस, लोकल. यात राग नसतो, सवय असते. आणि ‘लॅकलस्टर’ म्हणजे ज्याच्याकडून चमक अपेक्षित होती त्यानं ती दाखवली नाही. क्रिकेटच्या बातमीत हा हमखास भेटतो.

अजून एक वाट सुचवते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथे मराठी शब्दच शोधायला हवा असं नाही, इंग्रजी अर्थांतही शोधता येतं. तिथे डी, यू, एल, एल टाका आणि किती मराठी शब्दांच्या अर्थात तो येतो ते बघत बसा. माझी एक अख्खी रविवारची दुपार त्यात गेली. काही शब्द आजीच्या तोंडी ऐकलेले होते आणि तिच्याबरोबरच गेले होते.

कोशाचा विषय निघालाच आहे तर सॅम्युअल जॉन्सनची गंमत सांगायलाच हवी. १७५५ साली त्यानं इंग्रजीचा मोठा कोश काढला. ‘डल’चे अर्थ देता देता ‘आनंद न देणारं’ या अर्थापाशी आला आणि उदाहरण म्हणून त्यानं लिहिलं, कोश तयार करणं हे डल काम आहे. बिचारा. तोपर्यंत डी अक्षराशीच पोचला होता.

आठवी पायरी: नाम, क्रियापद आणि क्रियाविशेषण

‘डलनेस’ हे नाम, त्याचं अनेकवचन करत नाहीत. आज दोन ‘एल’ लिहितात. जुन्या पुस्तकांत एकाच ‘एल’चं स्पेलिंग दिसतं; इंग्रज कवी अलेक्झांडर पोपनं १७२८ मध्ये आपल्या उपहासकाव्यात मंदपणाची एक देवीच उभी केली, ती त्याच स्पेलिंगची. छापण्याची चूक समजू नका. वापर साधा आहे: ‘द डलनेस ऑफ द जॉब’, ‘द डलनेस ऑफ द स्काय’. पण ‘आय हॅव डलनेस’ नको. ते परत आपलं मराठी पोतं.

क्रियापदाकडे सहसा कुणी बघत नाही आणि ते फार छान आहे. ‘द टॅब्लेट डल्ड द पेन’, गोळीनं दुखणं बोथट केलं. गेलं नाही, बोथट झालं. ‘टू मच शुगर डल्स द ॲपिटाइट’, फार गोडानं भूक मरते. इथे मराठीत ‘बोथटणे’ आणि ‘मरणे’ दोन्ही वापरता येतात, चव बघून.

क्रियाविशेषण ‘डली’. स्पेलिंगमध्ये ‘एल’ दोनच, तिसरा घालू नका. ‘द लॅम्प शोन डली.’ बस्स.

नववी पायरी: जॅकची म्हण

‘ऑल वर्क अँड नो प्ले मेक्स जॅक अ डल बॉय.’ ही म्हण १६५९ साली जेम्स हॉवेलच्या म्हणींच्या संग्रहात छापलेली सापडते, आणि आपल्या शाळांमध्ये निबंधाला तिचा विषय अजूनही देतात. मी दहावीला लिहिलं होतं: सतत अभ्यास केला तर जॅकला कंटाळा येतो. दहापैकी सहा मार्क मिळाले. अर्थ चुकलाय, हे कुणी सांगितलं नाही. जॅकला कंटाळा येत नाही. जॅकच नीरस, बोथट डोक्याचा मुलगा होतो. सहावी पायरी पुन्हा वाचा, चूक तीच आहे.

दोन ठरीव प्रयोग अजून. ‘नेव्हर अ डल मोमेंट’ म्हणजे क्षणभर उसंत नाही, सतत काहीतरी घडतंय. गणपतीत घरी वीस माणसं असतात तेव्हा म्हणावं, बहुतेक वेळा थोडं कपाळाला हात लावून. ‘डल ॲज डिचवॉटर’ म्हणजे गटाराच्या पाण्याइतकं कंटाळवाणं. अमेरिकेत त्याचं ‘डिशवॉटर’, भांडी घासलेलं पाणी, झालंय.

आणि जाता जाता, स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये ‘डल’ नावाचं खरंच एक छोटं गाव आहे. २०१२ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या ऑरेगनच्या ‘बोअरिंग’ या गावाशी मैत्रीचा करार केला, मग ऑस्ट्रेलियातलं ‘ब्लँड’ही त्यांना येऊन मिळालं. बोअरिंग हे विल्यम बोअरिंग नावाच्या गृहस्थावरून पडलेलं नाव, ब्लँडही विल्यम ब्लँडवरून. दोघांचा कंटाळ्याशी काही संबंध नव्हता.

शेवटी सराव

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा. प्रत्येकाला विचारा, काय नाहीये?

विळीची धार गेलीय. धार नाही. ‘द ब्लेड हॅज गॉन डल’, लंडनला असाल तर ‘ब्लंट’.

आज सकाळपासून मळभ आहे. ऊन नाही. ‘इट हॅज बीन डल सिन्स धिस मॉर्निंग’. हवेसाठी ‘इट’ लागतो, ‘टुडे इज डल’ मराठी वाटतं.

आमटी सपक झालीय. चव नाही, म्हणजे इथे ‘डल’ नाही. ‘द आमटी इज अ बिट ब्लँड.’ आमटीला इंग्रजी शब्द शोधू नका.

रांगेत दोन तास उभं राहून जाम कंटाळलो. ‘-लो’ आलं, माणूस कंटाळलाय. ‘आय गॉट सो बोअर्ड इन द क्यू.’

पडदा नवीन आहे पण रंग मळकट वाटतो. तेज नाही. ‘द कर्टन इज न्यू, बट द कलर लुक्स डल.’

माठ बद्द वाजतोय. नाद नाही. ‘द पॉट मेक्स अ डल साउंड.’ भरलेला आहे की तडा गेलाय, हे मात्र इंग्रजी सांगणार नाही, झाकण काढून बघा.

मला आज काही सुचत नाही, मरगळ आलीय. यात ‘डल’ टाकण्याचा मोह होईल. ‘आय फील स्लगिश टुडे.’

काय गं, आज डल दिसतेस? हे मी शेवटी ठेवलं. ‘यू लुक अ बिट टायर्ड. इज एव्हरीथिंग ऑल राइट?’ दोन दिवसांनी मी त्या इंग्लंडच्या बाईंना आधी माफी मागून नेमकं हेच विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, त्यांचं म्हातारं मांजर त्या कॉलच्या आदल्या रात्री जनावरांच्या दवाखान्यात होतं आणि त्या पहाटेपर्यंत तिथल्या बाकावर बसून होत्या.